चाळीस रुपयांची उधारी आणि ‘देणं लागणं’

आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या पोह्यांच्या गाडीवर सकाळी सातला जो वाद पेटतो, तो साधारण जिलबी संपेपर्यंत टिकतो. एक वाद मात्र पुरून उरलाय. २०२५ मध्ये केंद्र सरकारची ‘राहवीर’ योजना आली आणि मध्य प्रदेशानंही ती लागू केली. रस्त्यावर गंभीर जखमी झालेल्या माणसाला पहिल्या तासाभरात, म्हणजे ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात त्या वेळात, दवाखान्यात पोचवणाऱ्याला २५,००० रुपये. अशीच योजना २०२१ मध्येही निघाली होती, तेव्हा रक्कम ५,००० होती.

बातमी वाचून पोह्यांवर जिरावण (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरत शेजारचे काका म्हणाले, “घ्या, आता माणुसकीलाही रेट लागला.” त्यावर माझा भाचा (कॉलेजात आहे, त्यामुळे मत तयारच असतं) म्हणाला, “मामा, बक्षीस देऊन राहिले तर बरंच आहे ना. नाहीतरी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं आपण काय देणं लागतो?”

काय देणं लागतो! बोलता बोलता पोरगं तत्त्वज्ञानातला एक जुना, किचकट प्रश्न विचारून बसलं. पुस्तकांत याला ‘नैतिक बंधन’ म्हणतात, कुणी ‘कर्तव्य’ म्हणतं, कुणी ‘बांधिलकी’. व्याख्या एकदाच देतो: जी गोष्ट मनात असो-नसो केली पाहिजे, आणि न केल्यास कुणीतरी आपल्याला रास्तपणे जाब विचारू शकतं, ते नैतिक बंधन. यापुढे मी बहुतेक ‘देणं’च म्हणेन. भाच्याचा शब्द जास्त नेमका आहे.

वाटतं, लागतं आणि हवं

मराठीत हा विषय अर्धा व्याकरणातच सुटतो. ‘पोहे खावेसे वाटतात’, ही इच्छा. ‘हेल्मेट घालावं लागतं’, ही सक्ती: चौकात पोलीस उभा आहे, चलान फाडेल. आणि ‘आईला फोन करायला हवा’? इथे पोलीस नाही, चलान नाही, कदाचित या क्षणी इच्छाही नाही. तरी ‘हवा’ आहेच. नैतिक बंधन या तिसऱ्या जागी राहतं. इच्छेसारखं ते आतून बोलतं, पण इच्छेसारखं आपल्या मर्जीनं जात नाही. सक्तीसारखं ते टाळता येत नाही असं वाटतं, आणि गंमत म्हणजे प्रत्यक्षात ते सहज टाळता येतं.

‘कर्तव्य’ हा शब्दही असाच घडलाय. संस्कृतातल्या ‘कृ’ धातूला ‘तव्य’ प्रत्यय लागला की ‘करण्याजोगं, केलं पाहिजे असं’ हा अर्थ निघतो. म्हणजे शब्दात काम आहे आणि त्याच्या शेपटाला ‘पाहिजे’ आहे. ते ‘पाहिजे’ कुठून येतं, एवढाच काय तो दोन-अडीच हजार वर्षांचा वाद.

आता माझी उधारी. एका मंगळवारी गाडीवर दोन प्लेट पोहे घेतले, चाळीस रुपये झाले. नेटवर्क गेलेलं, यूपीआय नुसतं गोल गोल फिरतंय, खिशात सुटे नाहीत. पोहेवाला म्हणाला, “भिया, कल दे देना.” दुसऱ्या दिवशी मी विसरलो. आठवण झाली तेव्हा तो गावी गेलेला. परत आला तेव्हा लक्षात आलं की तो साफ विसरलाय. त्यानं काही लिहून ठेवलेलं नाही, साक्षीदार नाही, आणि चाळीस रुपयांनी त्याचं काही अडलेलंही नाही. तरीही मी ते चाळीस रुपये देणं लागत होतो की नव्हतो? हा प्रश्न मी गाडीवर दहा जणांना विचारला. एकही ‘नव्हतो’ म्हणाला नाही, भाचासुद्धा नाही.

म्हणजे पकडले जाण्याची भीती काढून टाकली, समोरच्याची आठवणही काढून टाकली, तरी देणं उरतं.

धमकी नाही, तर बांधतं कोण?

कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं १७८५ मध्ये या प्रश्नाला जे उत्तर दिलं ते आजही वर्गावर्गांतून घोकलं जातं. तो म्हणतो, ‘पाहिजे’ दोन जातींचं असतं. एक ‘जर’वालं: गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर वजनात मारू नये. गिऱ्हाईक नको असेल, तर सल्ला संपला. दुसरं बिनजरचं: वजनात मारू नये. बस. त्याचं स्वतःचं उदाहरण दुकानदाराचंच आहे. लहान मुलालाही चोख भाव लावणारा दुकानदार बरोबरच वागतो, पण धंदा चालावा म्हणून तसं वागत असेल, तर त्या वागण्याला नैतिक मोल नाही, असं कान्टचं म्हणणं. वागणं बरोबर आहे का आणि ते कशापोटी आहे, हे त्यानं दोन वेगळे प्रश्न केले. २५,००० च्या वादात ही फोड पुढे कामी येणार आहे.

पण ही भानगड आधी जर्मनीत सुरू झाली असं कुणी समजू नये. आपल्याकडे मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, ‘यजेत’, म्हणजे ‘यज्ञ करावा’, या एका क्रियापदावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं घातलं. त्यांचा विषय वेदवाक्यं हा होता, आपली उधारी-उसनवारी नव्हे, पण प्रश्न तोच: ‘करावा’ ऐकून माणूस हलतो तो कशामुळे? त्यांच्यातल्या प्रभाकराचं म्हणणं, आज्ञेचं ‘हे तू करायचं आहेस’ हे सांगणंच माणसाला हलवतं, फळाचं आमिष लागत नाही. मंडनमिश्रांचं म्हणणं उलट: ‘करावं’चा अर्थच मुळी ‘यातून तुझं इष्ट साधेल’ असा आहे, नाहीतर कोण कशाला हात हलवेल? हे मंडनमिश्र आमच्या शेजारचे. नर्मदेकाठचं मंडलेश्वर त्यांचं गाव, असं निमाडातली माणसं छातीठोकपणे सांगतात. बिहारातल्या महिषीची माणसंही तितक्याच जोरात सांगतात, तो तंटा त्यांचा त्यांनी मिटवावा.

मला विचाराल तर चाळीस रुपयांच्या बाबतीत मी प्रभाकराच्या बाजूचा. पैसे दिल्यानं माझं कुठलंही इष्ट साधणार नव्हतं. कुणी म्हणेल, मनाला शांतता मिळणार होती ना? पण मन अशांत का होतं, तर देणं होतं म्हणून. उत्तराला प्रश्नाच्याच दारात आणून सोडण्यासारखं आहे हे.

“मी कधी हो म्हटलं होतं?”

भाच्याचा पुढचा वार इथे येतो, आणि तो कच्चा नाही. “पोहे तुम्ही खाल्ले, म्हणून देणं लागता. रस्त्यावर पडलेल्या माणसाचं मी काय खाल्लंय?”

देणं फक्त कबूल केल्यानंच तयार होतं, असं मानणारे मोठे मोठे लोक आहेत. ऐकायला छान वाटतं: माझ्या सहीशिवाय माझ्यावर बोजा नाही. पण मग आईवडिलांचं काय? जन्माला येताना कुणी फॉर्म भरून दिला नव्हता. जुन्या वैदिक कल्पनेत तर माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो, देवांचं, ऋषींचं, पितरांचं. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यात एक मर्मदृष्टी आहे: काही देणी सही करण्याआधीच चालू झालेली असतात. आपल्याला भाषा कुणीतरी दिली, देवीची लस कुणीतरी शोधली, रस्ता कुणीतरी बांधला.

तरी एवढ्यावर भाचा गप्प बसत नाही, आणि बसूही नये. रस्त्यावरच्या माणसानं मला भाषाही दिली नाही आणि लसही नाही. त्याचं देणं उपकाराच्या परतफेडीतून येत नाही. ते येतं तीन साध्या गोष्टी एका जागी जमल्या की: त्याला गरज आहे आणि ती जीवघेणी आहे, मी तिथे आहे आणि मला काही करता येतं, आणि त्यात माझं फार काही जात नाही. यातली एक जरी काढली तरी बंधन सैल होतं. पोहता न येणाऱ्यानं नर्मदेच्या पुरात उडी मारावी, असं कुणाचंही देणं नसतं. जे करणं शक्यच नाही ते करायला हवं होतं, असं म्हणता येत नाही.

चांगुलपणा कुठे संपतो, देणं कुठे सुरू होतं?

हाच भाग लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. सगळी चांगली कामं देणी नसतात. मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १८६१ मध्ये यावर एक व्यवहारी कसोटी दिली: कर्तव्य म्हणजे जे एखाद्याकडून कर्जासारखं वसूल करता येतं. वसूल म्हणजे पोलीसच पाठवावा असं नाही. लोकांनी नाव ठेवलं, स्वतःच्या मनानं टोचलं, तरी ती वसुलीच. ज्याच्याबद्दल “का नाही केलंस?” असं रास्तपणे विचारता येतं ते देणं. ज्याच्याबद्दल फक्त “केलंस, मोठाच आहेस” एवढंच म्हणता येतं, ते देण्याच्या पलीकडचं.

या पलीकडच्या प्रदेशाकडे तत्त्वज्ञानानं बराच काळ दुर्लक्ष केलं. १९५८ मध्ये अर्मसन यांनी एक लेख लिहून विचारलं, हातबॉम्बवर स्वतःला झोकून सोबत्यांना वाचवणारा सैनिक कर्तव्य करतो का? तसं म्हटलं तर बाकीचे सगळे कर्तव्यात कसूर करणारे ठरतात, आणि ते तर बरोबर वाटत नाही. आणखी एक गंमत बघा. तो सैनिक वाचला असता तर बहुधा म्हणाला असता, “मी माझं कर्तव्य केलं.” तो स्वतःबद्दल हे म्हणू शकतो. आपण त्याला “ते तुझं कर्तव्यच होतं” असं म्हणू शकत नाही.

मधल्या पट्ट्यात दान येतं. दान करायला हवं हे खरं, पण कुणाला, कधी, किती, ही निवड आपली. या गुरुवारी या भिकाऱ्याला दिलं नाही म्हणून तो जाब विचारू शकत नाही. उधारीचं तसं नाही: ठरलेल्या माणसाला, ठरलेले चाळीस. तत्त्वज्ञ पहिल्याला अपूर्ण कर्तव्य म्हणतात, दुसऱ्याला पूर्ण. माझं मत असं की रस्त्यावर माणूस पडलेला असतो तेव्हा, एरवी दानासारखं सैल असलेलं कर्तव्य त्या मिनिटापुरतं उधारीसारखं घट्ट होतं. तिथे ‘कुणाला’ हा प्रश्न उरलेला नसतो. तो समोर पडलेला आहे.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास भंवरकुआँ चौकाच्या अलीकडे एक मुलगा स्कूटरवरून घसरून पडला. मी गाडी हळू केली. दोघं जण त्याच्याकडे वाकलेले दिसले. ‘आहेत लोक’ म्हणून मी गाडी काढली. घरी पाहुणे होते, वरण गरम करायचं होतं.

‘आहेत लोक’ या दोन शब्दांवर प्रयोग झालेला आहे. १९६८ मध्ये डार्ली आणि लाटाने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावल्या. मध्येच एकाला फिट आल्याचा आवाज आला. तो टेपवरचा होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले ८५ टक्के फिट ओसरायच्या आत मदतीला उठले. आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यातले ३१ टक्के. माणसं निर्दय नव्हती. प्रत्येकानं देण्याचे पाच वाटे केले आणि आपला वाटा इतका लहान झाला की तो दिसेना. पण देणं असं विभागलं जात नाही. बाकीचे खरंच मदत करतायत हे कळलं तर माझं संपतं. ते नुसते तिथे आहेत म्हणून नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्या कायद्यात वाटसरूवर अशी सर्वसाधारण सक्ती नाही. ज्या गाडीनं अपघात झाला तिच्या चालकावर आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीच्या उपचाराची सोय त्यानं करायची असते. जर्मनीत मात्र, स्वतःला मोठा धोका नसताना अशा प्रसंगी मदत न करणाऱ्या कुणालाही दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपण दुसऱ्या बाजूनं गेलो. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे निर्देश मान्य केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं. जखमीला पोचवणाऱ्यावर पोलीस नाव-पत्त्याची किंवा साक्षीची जबरदस्ती करू शकत नाहीत. या कायद्यानं नवं देणं निर्माण केलं नाही. ‘कुठे कोर्टाचे खेटे घालायचे’ ही आड येणारी भीती हटवली. तिसरी अट आठवा: त्यात माझं फार काही जात नाही. कायदा ती अट पुरी करत आणतो. म्हणून खरं तर २०१९ नंतर आपलं नैतिक देणं जास्त घट्ट झालंय, कारण एक सबब कमी झाली.

मग पैसे घेतले तर?

आता काकांचा रेट. बक्षीस मिळालं की कर्तव्य उरत नाही, असं त्यांना वाटतं. डॉक्टर पगार घेतो म्हणून रुग्णाला तपासणं त्याचं कर्तव्य उरत नाही का? पैसे मिळाल्यानं देणं पुसलं जात नाही. कान्टच्या दुकानदारासारखं हेतूचं मोल कमी-जास्त होईल, पण गटारात पडलेल्या माणसाला तुमच्या हेतूशी काय करायचंय? त्याचं तुमच्याकडे जे देणं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं.

एक धोका मात्र काका नीट हेरतात, असं मला वाटतं. बक्षीस वरचेवर दिलं की ‘हवं’ हळूहळू ‘जर’वालं होत जातं. उद्या योजना बंद पडली तर कुणी म्हणायला नको, “आता काही मिळत नाही ना, मग कशाला?” मला विचाराल तर योजना राहू द्यावी. एक जीव वाचला तरी माझी तक्रार नाही. फक्त तिला बक्षीस म्हणावं, मोबदला म्हणू नये.

दोन देणी एकमेकांच्या अंगावर आली तर?

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट येते. सदा सत्य बोलण्याचं व्रत घेतलेल्या कौशिकाला डाकूंनी विचारलं, पळालेली माणसं कुठल्या वाटेनं गेली? त्यानं खरी वाट सांगितली, डाकूंनी माणसं मारली, आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो, कारण ‘गांडीव दुसऱ्याला दे’ म्हणणाऱ्याला मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा आणि तसं म्हणाला खुद्द धर्मराज. मग श्रीकृष्ण तोड काय काढतो? थोरल्याला ‘तू’ म्हण, तो त्याचा वधच. ही तोड आपल्याकडे अजूनही चालण्यासारखी आहे. काकांना एकदा ‘तू’ म्हणून बघा.

कान्टनं १७९७ मध्ये जवळजवळ हाच पेच सोडवला, तो बरोबर उलटा: दारात आलेल्या खुन्यालाही, मित्र घरात नाही असं खोटं सांगू नये. इथे मला कान्ट पटत नाही. लोकमान्यांनी १९१५ च्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ असं एक आख्खं प्रकरणच अशा पेचांसाठी ठेवलंय; सत्य, अहिंसा वगैरे नियमांना अपवाद कुठे येतात हे तिथे वाचावं. आणि १९३० मध्ये रॉस या स्कॉटिश तत्त्वज्ञानं म्हटलं, आपली देणी अनेक आहेत, वचनाची, कृतज्ञतेची, नुकसानभरपाईची, मदतीची. प्रत्येक खरी आहे. त्या वेळी कुठली जड भरते ते प्रसंग बघूनच कळतं. तराजू छापील मिळत नाही. जे हरलं ते देणं नाहीसंही होत नाही. जखमीला पोचवताना लग्नाला उशीर झाला तर तुम्ही बरोबरच वागलात, तरी नवरीच्या बापाची माफी मागताच ना?

प्रत्येकाची नीती वेगळी, मग कुणाची खरी?

हा आक्षेप हमखास येतो. इंदुरात मराठी, माळवी, सिंधी, बोहरी एकाच गल्लीत राहतात. काय खावं, कुणाच्या हातचं खावं, यावर जन्मभर जमायचं नाही. पण घेतलेली उधारी बुडवावी, असं कुणाचा धर्म सांगतो का? वेगळेपण खरं आहे, ते बहुतेक वेळा ‘आपलं’ कुणाला म्हणायचं यावर असतं. देव मानणारा म्हणेल, बंधन देवाचं. त्याला प्लेटोच्या काळचा प्रश्न विचारता येतो: देवाला आवडतं म्हणून ते बरोबर, की बरोबर आहे म्हणून देवाला आवडतं? दुसरं उत्तर दिलं, तर न मानणारा आणि मानणारा एकाच गाडीवर उभे राहू शकतात.

सोडायचं कुणी?

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची आख्यायिका इंदूरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. अहिल्याबाईंच्या मुलाच्या, मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं. बाईंनी हुकूम दिला: त्यालाही बांधून त्याच रथाखाली घाला. रथ हाकायला कुणी धजेना, तेव्हा बाई स्वतः बसल्या. आणि त्या वासराची आई, ती गायच पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली. इतिहासात असं काही नाही. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. ही गोष्ट आम्हाला न्यायासाठी सांगितली जायची: आईनं पोटच्या पोरालाही सोडलं नाही.

मला आता तिच्यात दुसरंच काही दिसतं. बाईंना पोराला माफ करता येतच नव्हतं. देणं त्यांचं नव्हतं, गाईचं होतं. सोडण्याचा हक्क फक्त तिचा, आणि तिनंच तो वापरला.

पोहेवाल्यापुढे मी शेवटी चाळीस रुपये धरले. “कौनसे चालीस?” मी सांगितलं. तो हसला, “अरे रहने दो, भिया,” आणि माझ्या पुड्यात मूठभर सेव जास्तीची टाकली. ते तिथे संपलं, त्याच्या तोंडून संपलं.

भंवरकुआँच्या त्या मुलाला मी कोण हे ठाऊकच नाही. मलाही त्याचं नाव माहीत नाही. पावसात आडव्या पडलेल्या स्कूटरचं मागचं चाक अजून फिरत होतं, तेवढं आठवतं.